धुराची वीट

१

काचपेटीचं कुलूप जागच्या जागी होतं, किल्ली नेहमीच्या खिळ्याला लटकत होती, आणि पेटीतली वीट मात्र नव्हती.

पाशांकुशा एकादशीची सकाळ होती ती. दसऱ्याची सुट्टी संपवून नळदुर्गच्या महामार्गालगतचं ते छोटंसं संशोधन केंद्र नुकतंच उघडलं होतं. दारावरचं झेंडूचं तोरण अजून पुरतं सुकलंही नव्हतं. अनिसा शेख पेटीसमोर उभी होती.

वीट म्हणजे मातीची नव्हे. उसाच्या चिपाडाच्या राखेतून काढलेल्या सिलिकाची ती वडी होती. आकार विटेचा, रंग पहाटेच्या धुरासारखा निळसर. तळहातावर ठेवली तर काही ठेवलंय असंच वाटू नये, इतकी हलकी. शास्त्रातलं तिचं नाव एरोजेल. केंद्रातली माणसं तिला धुराची वीट म्हणायची. असल्या विटांचं अस्तर लावलेल्या डब्यात लस ठेवली, तर वीज नसलेल्या वस्तीवरही ती गार राहील, असं अनिसाचं म्हणणं. कितीतरी विटा तडकल्या, चुरल्या, आणि शेवटी अखंड, पाण्यालाही दाद न देणारी अशी ही एकच हाती आली होती. कोजागरीला पुण्याहून परीक्षक ती बघायला येणार होते. नवी वीट घडवून वाळवायची तर महिना मोडला असता.

आता पेटीतल्या स्टीलच्या ताटात नुसता चुरा पडला होता. साबुदाण्याचा पापड मुठीत चुरगळावा, तसा. शेजारी एका वाटीत गुलाबी मणी होते.

"चोरी!" केंद्राचे प्रमुख डॉ. रणधीर मोरे गरजले. "वीट नेली आणि जागेवर कचरा ठेवला. वर आपली चेष्टा!"

अनिसाचा सहकारी योगीराज वाकून ताटाकडं बघत होता. "सर, पाणी लागलंय का काय हिला?"

"अरे, अष्टमीच्या संध्याकाळी हिनं सगळ्यांदेखत विटेवर तांब्याभर पाणी ओतून दाखवलं. अळूच्या पानावरून जावं तसं घरंगळून गेलं. त्या विटेला पाण्यानं काय होणार? बाजूला हो तू." मग त्यांनी झाडलोट करणाऱ्या बाईंना हाक मारली. "सत्यभामाबाई, हा कचरा आधी नेऊन टाका."

सत्यभामाबाई पुढं आल्या. त्यांनी ताट उचललं आणि कुणाकडंही न बघता निघून गेल्या.

"अनिसा," रणधीर सरांनी आवाज खाली आणला, "हैदराबादच्या कंपनीचा माणूस तुला भेटून गेलेला मला ठाऊक आहे. कोजागरीच्या आत वीट आणून दे, नाहीतर राजीनामा लिही. तुझ्या आईकडं बघून मी पोलिसांत जात नाही. पण परीक्षकांना काय सांगायचं ते मी सांगणार."

अनिसानं मान वर केली. सगळे तिच्याकडंच बघत होते.

२

नीलम्मा बिराजदार सकाळची इष्टलिंगाची पूजा झाल्याशिवाय पाण्याचा घोटही घेत नसत. त्या दिवशी पूजा आटोपून विभूती लावेपर्यंत रजियाबी उंबऱ्यातच बसून राहिली. दोघींची घरं एकाच बोळात. रजियाबी गल्लीतल्या सगळ्या बायांची झंपरं शिवायची.

"आत ये की गं. उंबऱ्यावर का बसलीस?"

"पाय उचलंना झालाय अक्का. आमच्या पोरीला चोर म्हणालेत. दोन दिस झाले, भाकरीचा तुकडा शिवली न्हाय."

नीलम्मांनी तिच्या हातात गुळाचा खडा आणि पाण्याचा पेला दिला. सरकारी न्यायवैद्यक प्रयोगशाळेत रसायन परीक्षक म्हणून त्यांची सगळी नोकरी गेली होती. विष कुठल्या वाटीतून गेलं, रक्त कुठल्या धुण्यात धुतलं, हे त्यांनी वर्षानुवर्षं कोर्टाला सांगितलं. पण तिथंही कधी त्यांचा आवाज चढला नाही. निवृत्त होऊन माहेरच्या गावी येऊन राहिल्या, तेव्हा गल्लीला वाटलं, बाई देवदेव करतील आणि गप बसतील. देवदेव त्यांनी केलाच. गप बसणं काही जमलं नाही.

"अनिसाला बोलव," त्या म्हणाल्या.

अनिसा आली. डोळे सुजलेले.

"तुझी वीट मला सांग. मी रसायनवाली आहे हे विसर. तुझ्या अम्मीला सांगशील तशी सांग."

"अम्मीला मी खरवसाचं सांगते," अनिसा म्हणाली. "खरवस घट्ट दिसतो, पण आत निम्म्याहून जास्त पाणीच असतं. त्याला धरून ठेवणारी एक बारीक जाळी असते. माझं जेलही तसंच. जाळी सिलिकाची, आणि तिच्या घरांत द्रव. आता हा द्रव काढायचा. उन्हात वाळवलं तर द्रव जाता जाता जाळीच्या भिंती आपल्याकडं ओढतो. सगळं आक्रसतं, तडकतं. वाळल्या बोरासारखं."

"मग?"

"मग द्रव असा काढायचा की भिंतींना कळूच नये. जाड पोलादी भांड्यात दाबाखाली, कार्बन डायऑक्साइडच्या मदतीनं. एका टप्प्यावर द्रव आणि वायू यांत फरकच उरत नाही. ओढणारं कुणी उरत नाही. हलकेच सगळं बाहेर पडतं आणि जाळी जशीच्या तशी उभी राहते. तिच्या घरांत फक्त हवा."

"म्हणजे चोरानं नेली ती बहुतेक हवाच की," नीलम्मा म्हणाल्या.

रजियाबीला रडता रडता हसू आलं. नीलम्मा मात्र हसल्या नाहीत. आपण आत्ता काय बोललो, याचाच त्या विचार करत होत्या.

"चल," त्यांनी चपला पायांत सरकवल्या. "मला ती पेटी दाखव."

३

रणधीर सर नीलम्मांना ओळखत होते. त्यांनी उठून नमस्कार केला, चहा मागवला. एकादशीपासून त्यांचं टेबल पसाऱ्यानं भरलं होतं. एका कडेला सुतळीनं बांधलेलं मोठं खोकं.

"ताई, तुम्ही आलात ते बरंच झालं. पोरीला चार शब्द समजावा. तिनं वीट परत आणली तर मी झालं गेलं विसरतो."

"तो चुरा कुठं आहे सर?"

"टाकून दिला. कचरा होता तो."

"थोडा मिळाला असता तर वजन करून बघितलं असतं."

"कशावर करणार? आमचा बारीक वजनाचा काटा बिघडलाय." त्यांनी खोक्यावर थाप मारली. "हा काय, बांधून ठेवलाय. उद्या ट्रॅव्हल्सनं हैदराबादला दुरुस्तीला जाईल."

"आणि वाटीतले मणी? ते कुणी ठेवले?"

"मणी सगळ्याच कपाटांत असतात ताई. हवेतला ओलावा शोषतात. कोरडे असले की निळे, ओलावा प्यायले की गुलाबी. बुटाच्या खोक्यातही पुडी असते बघा."

नीलम्मांनी चहा संपवला आणि त्या प्रयोगशाळेत गेल्या.

योगीराज बाकावर बसून आपल्याच एका तडकलेल्या विटेचे तुकडे जुळवत होता. सास्तूरचा पोरगा, तोंडाचा फटकळ.

"या मावशी. संशयित नंबर एक हजर आहे."

"तूच का नंबर एक?"

"तिची वीट उभी राहिली, माझ्या सगळ्या पापड झाल्या. मला लई आनंद झाला असं सांगितलं तर पटंल तुम्हाला?"

"नाही."

"मलाबी नाही पटणार. जळलो मी. अष्टमीला ती घरी गेल्यावर इथं एकटाच बसलो, पेटीकडं बघत. मग फटफटीला किक मारली आणि सास्तूरला गेलो. घरी घट बसलेले, नवमीचा नैवेद्य होता. आता जळलो म्हणून चोर व्हायला पाहिजे, असं काय आहे का?"

"पेटी उघडली तेव्हा तू पाण्याचं का बोललास?"

त्यानं खांदे उडवले. "ओलं जेल वाळून आक्रसलं की कसं दिसतं, ते माझ्याइतकं कुणाला ठाऊक? चुरा बघितला आणि तोंडातून गेलं. सर म्हणाले ते बी खरंच. अनिसाच्या विटेला पाणी शिवत नाही. म्हणून गप बसलो."

नीलम्मा काचपेटीजवळ गेल्या. चारी बाजूंनी काच, वर बारीक तारेची जाळी. त्यांनी चष्मा वर सरकवला आणि जाळीच्या अगदी जवळ तोंड नेलं.

जाळीच्या तारांवर एक वाळलेला, फिकट पिवळा ओघळ होता.

४

सत्यभामाबाई मागच्या ओट्यावर फरशी पुसायचं फडकं पिळत होत्या. पिळून झालेलं फडकं त्या पुन्हा पिळत होत्या.

"खंडेनवमीला इथं पूजा झाली ना?" नीलम्मा शेजारी येऊन बसल्या.

"व्हय. समद्या यंत्रांना हळदकुंकू लावलं. आरती झाली, समदे घरला गेले."

"आणि तुम्ही?"

"म्या झाडून काढाया थांबले."

"सत्यभामा, तो चुरा तुम्ही टाकलात?"

बाईंनी फडकं खाली ठेवलं. मग हळूच उठल्या आणि नीलम्मांना आतल्या अंधाऱ्या सामानखोलीत घेऊन गेल्या. तिथल्या कपाटात पांढऱ्या फडक्यानं झाकलेला बारीक वजनाचा काटा होता. दोन्ही हातांनी तो जड काटा त्यांनी कण्हत बाजूला सरकवला आणि मागून केळीच्या पानात बांधलेली पुडी काढली.

"कचऱ्यात कसं टाकू? निर्माल्य हाय त्ये. बोरी नदीच्या वाहत्या पाण्यात सोडायचं म्हणून ठिवलं."

निर्माल्य. नीलम्मांनी तो शब्द मनात ठेवला. चुऱ्यातली एक चिमूट त्यांनी तळहातावर घेतली. पांढऱ्यात किंचित पिवळसर झाक होती.

"तंबाखूची डबी आहे का तुमच्याकडं?"

"हाय की. का?"

"चुना द्या बोटभर."

ओला चुना चुऱ्यावर टेकताच चुरा लाल झाला. कुंकवासारखा.

सत्यभामाबाईंनी पदर तोंडात कोंबला.

"हळद आहे ही," नीलम्मा हळू आवाजात म्हणाल्या. "हळदीला चुना लागला की कुंकवाचा रंग येतो, हे आपल्या आयाबायांना कुणी शिकवावं लागलं नाही. विटेला तुम्ही न्हाऊ घातलंत. जाळीवरून."

मग बांध फुटावा तसं सगळं बाहेर आलं.

"आईला नवस बोलले होते हो. पोरगी रोज डबा उघडला की पहिला घास मला द्यायची. मागल्या सालापासून बघत होते, समद्या विटा फुटायच्या, पोरगी एकटीच रडायची. म्या तुळजाभवानीला म्हणलं, हिची वीट उभी ऱ्हाऊ दे, तुज्या कल्लोळ तीर्थानं न्हाऊ घालीन तिला. वीट उभी ऱ्हायली. अष्टमीला तिनंच तांब्या वतून दावला, वीट भिजंना. मग मला कशाचं भ्या? नवमीला हळद घातलेलं तीर्थ वतलं." त्यांनी डोळे मिटले. "आन् ताई, ती तडतडली. माझ्या डोळ्यांदेखत बसली खाली. चुरा झाला."

"मग सांगितलं का नाहीत कुणाला?"

"आईनं नवस घेतला न्हाय, तवा आधी तिलाच इचारावं म्हणून तुळजापूरची यष्टी धरली. तर दसऱ्याचं शिलंगण होऊन गेलेलं. आई पलंगावर निजलेली. निजल्या देवीला कशी हाक मारू? पुनवंला उठंल, तवा आधी तिच्या कानावर घालीन, मंग दुनियेला सांगीन. तवर त्वांड उघडायचं न्हाय, असं धरलं व्हतं म्या."

"आणि तोवर पोरीनं काय करायचं?"

सत्यभामाबाई हुंदके देऊ लागल्या. नीलम्मांनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला, पण त्यांची नजर त्या जड काट्यावरून हलत नव्हती.

"तुमचं चुकलं नाही," त्या म्हणाल्या. "आईनं नवस घेतलाय. फार मोठा घेतलाय. थांबा तुम्ही फक्त."

५

अनिसाला सामानखोलीत बोलावून नीलम्मांनी दार लोटलं आणि काट्यावरचं फडकं काढलं. बटण दाबलं. आकडे उजळले, शून्यावर येऊन स्थिर झाले.

"हा बिघडलाय का गं?"

"नाही. सकाळीच योगीराजनं वापरला."

नीलम्मांनी चुरा त्यावर ठेवला. "तुझ्या विटेचं वजन?"

अनिसानं आकडा बघितला आणि ती दचकली. "जवळजवळ एवढंच."

"म्हणजे पेटीतून कुणी काही नेलंच नाही. जेवढी वीट होती तेवढी सगळी इथं आहे. गेली ती हवा. पाणी आत शिरलं, वाळता वाळता भिंती ओढल्या, घरं कोसळली."

"पण माझ्या विटेत पाणी शिरतच नाही मावशी! जाळीच्या धाग्या-धाग्याला मी अस्तर दिलंय. मेण लावल्यासारखं."

"तिचा एखादा तुकडा आहे?"

कापताना निघालेली एक कपची अनिसानं डबीत जपून ठेवली होती. नीलम्मांनी दोन वाट्यांत पाणी घेतलं. एकीत कपची सोडली. ती लाहीसारखी तरंगत राहिली, बोटानं दाबून सोडली तरी कोरडीच वर आली. दुसरीत चुऱ्याचा कण टाकला. त्यानं पाणी प्यायलं, बुडबुडा सोडला आणि तो तळाला गेला.

नीलम्मांनी दोन्ही वाट्या अनिसासमोर सरकवल्या.

"पेटीतली वीट तुझी नव्हती," नीलम्मा म्हणाल्या.

अनिसानं वाट्यांवरून नजर उचलली.

"तू एकच घडवलीस?"

"दोन. एकाच साच्यातल्या. जुळ्याच. एकीला अस्तर दिलं, दुसरी तशीच कच्ची ठेवली. परीक्षकांना फरक दाखवायला. दिसायला सारख्या, पाणी लावल्याशिवाय मलासुद्धा ओळखू यायची नाही."

"कच्ची कुठं आहे?"

"हवाबंद बरणीत. ओलावा लागू नये म्हणून आत निळ्या मण्यांची वाटी ठेवून..." अनिसा बोलता बोलता थांबली. वाटी. तिनं धावत जाऊन कपाट उघडलं आणि काळ्या कागदात गुंडाळलेली बरणी खाली काढली. झाकण घट्ट होतं.

आत काही नव्हतं. वीट नव्हती, वाटीही नव्हती.

६

दुसऱ्या दिवशी सकाळी नीलम्मांनी सगळ्यांना रणधीर सरांच्या खोलीत बोलावलं. योगीराज दाराला टेकून उभा होता. रजियाबी लेकीचा हात धरून बसली होती. सत्यभामाबाई कोपऱ्यात. बाहेर महामार्गावरून ट्रक जात होते आणि खिडकीची तावदानं थरथरत होती.

"माझं थोडंच बोलणं आहे," नीलम्मा म्हणाल्या. "काल जे सापडलं ते सांगते. चुकलं तर सर सुधारतील."

वजनाचं, हळदीचं, दोन वाट्यांचं त्यांनी सांगितलं. सत्यभामाबाईंच्या नवसाचंही सांगितलं.

"बघा!" रणधीर सर उसळले. "म्हणजे हिनंच वाटोळं केलं! आणि आम्ही इथं..."

"वाटोळं कशाचं सर? कच्च्या विटेचं. अष्टमीच्या संध्याकाळी पेटीत पक्की होती, ती सगळ्यांनी पाणी ओतलेली बघितली. नवमीच्या दुपारी तिथं कच्ची होती. मधल्या वेळात कुणीतरी अदलाबदल केली. कच्च्या विटेला हवेतला ओलावा बाधेल म्हणून मण्यांची वाटीही सोबत आणली. अस्तर दिलेल्या विटेला मण्यांची गरज काय? इतकी काळजी घेणारा माणूस जाणकारच असणार. म्हणजे सत्यभामा नव्हे."

"मग मी," योगीराज म्हणाला. "अष्टमीला मीच एकटा होतो की इथं."

"हो, माझाही संशय तुझ्यावरच होता. पण चुरा बघितल्याबरोबर तू पाण्याचं नाव घेतलंस. अदलाबदल करणाऱ्याला ते नाव कुणी घ्यायला नको होतं. पाण्यानं कोसळली म्हटलं की कच्ची होती हे उघड, आणि कच्ची म्हटलं की पक्की कुठंय हे विचारणं आलं. त्याला हवी होती नुसती चोरी." त्यांनी मान वळवली. "सर, तुम्ही या विषयात डॉक्टर झालात. आक्रसलेलं जेल तुम्हाला ओळखू आलं नाही? पोरानं बोलून दाखवलं तर त्याला गप केलंत, आणि पहिला हुकूम दिलात तो चुरा टाकायचा."

"हा काय पुरावा झाला?" सर हसले. घाम मात्र कपाळावर आला होता. "तर्क आहेत नुसते. वीट कुठंय? दाखवा वीट!"

"तेच मला कोडं होतं. ती वीट दाबली तर चुरते, आदळली तर तडकते. या रस्त्यावरून फटफटीवर नेता येणार नाही. मऊ बिछान्यात बांधून, जपून न्यायला हवी." नीलम्मा उठल्या आणि टेबलाच्या कडेला गेल्या. "या खोक्यात काय आहे म्हणालात?"

"काटा."

"काल मी त्या काट्यावर चुरा तोलला. तो सामानखोलीतच आहे. सत्यभामाला दोन्ही हातांनीसुद्धा सरकत नव्हता."

नीलम्मांनी सुतळीत करंगळी अडकवली आणि हात वर केला. ते भलंमोठं खोकं करंगळीवर उचललं गेलं, हवेत हळूच झुलत राहिलं.

"बया!" सत्यभामाबाईंच्या तोंडून निघालं.

"बाईमाणसाच्या करंगळीला पेलतो असा काटा कुठल्या कारखान्यात करतात सर?"

योगीराजनं पुढं होऊन सुतळी कापली. थर्मोकोलच्या दोन पाटांमध्ये, कापसाच्या गादीवर, निळसर धूर थिजून बसला होता. अनिसानं ती वीट दोन्ही हातांवर घेतली. नीलम्मांनी टेबलावरच्या पेल्यातलं पाणी तिच्यावर ओतलं. पाण्याचे मोती झाले, टपोरे, आणि विटेवरून घरंगळून रणधीर सरांच्या कागदांवर पडले.

"परीक्षकांसमोर अनिसानं पाणी ओतलं असतं," नीलम्मा म्हणाल्या, "आणि कच्ची वीट तिच्या हातात कोसळली असती. पोरीचं काम खोटं ठरलं असतं. मग काही महिन्यांनी हैदराबादेत एक अखंड वीट निघाली असती, तुमच्या नावाची."

रणधीर सर खुर्चीत बसले. ओल्या कागदांवरचं पाणी ते तळहातानं पुसू लागले.

"वीस वर्षं मी हेच करतोय," ते पुटपुटले. "माझी एकही उभी राहिली नाही. एकही."

"त्या अस्तरात माझं रात्रंदिवसाचं डोकं होतं सर," अनिसा म्हणाली. चोरीचा आळ आल्यापासून तिचा आवाज पहिल्यांदाच स्थिर होता. "विचारलं असतंत तर शिकवलं असतं मी तुम्हाला."

केंद्राच्या विश्वस्तांना नीलम्मांनी सरांदेखतच फोन लावला.

७

कोजागरीच्या दुपारी पुण्याचे परीक्षक आले. रणधीर सरांची खुर्ची रिकामी होती. विश्वस्तांनी त्यांना आदल्या दिवशीच घरी पाठवलं होतं. त्यांच्याविरुद्धचा जबाब नळदुर्गच्या ठाण्यात अनिसानं स्वतःच्या सहीनं दिला होता.

बातमी गावभर झाली होती. रजियाबीच्या गिऱ्हाइणी, बोळातल्या लिंगायतांच्या लेकीसुना, शाळेची पोरं, शेजारच्या धाब्यावरचा आचारीसुद्धा खिडक्यांशी दाटीवाटीनं उभा होता. सत्यभामाबाई पहाटेच तुळजापूरला जाऊन, उठलेल्या आईचं दर्शन घेऊन आल्या होत्या. काय बोलणं झालं ते त्यांनी कुणाला सांगितलं नाही, पण चेहरा निवळलेला होता.

परीक्षक तिघं होते. त्यांच्यातल्या वयस्कर बाईंनी विटेवर कापराची वडी ठेवली आणि खाली बर्नर पेटवला. निळी ज्योत विटेच्या पोटाला चाटू लागली. कापूर म्हणजे ऊब लागली तरी उडून जाणारी वस्तू. सगळ्यांच्या माना पुढं झाल्या. ज्योत भडकवली. वर कापूर तसाच, पांढराशुभ्र. धाब्याचा आचारी म्हणाला, "आमच्या तव्याला असलं लावू नगा, भाकरी कच्ची ऱ्हाईल," आणि खिडक्या हसल्या.

बर्नर विझवला तरी कापूर होता तेवढाच होता. बाईंनी तो बोटांनी उचलून हुंगला, विटेवर हात फिरवला. मग पाण्याची पिचकारी. मग वजन. मग फुटक्या विटांच्या तुकड्यांचं अस्तर लावलेला लसीचा डबा उघडून, सकाळपासून पत्र्यावर तापत ठेवलेल्या त्या डब्यातला बर्फ त्यांनी स्वतः बघितला. बर्फाच्या कडा तेवढ्या गोलसर झाल्या होत्या.

तिघांनी एकमेकांकडं बघितलं.

"आमच्याकडच्या अर्जावर प्रमुखांचं नाव पहिलं आहे," बाई म्हणाल्या. "मला तोंडी विचारायचंय. हे अस्तर, ही वीट, हा डबा. कुणी केलं हे?"

योगीराज मागं सरला. रजियाबीनं लेकीच्या पाठीवरचा हात काढून घेतला. नीलम्मांनी तर डोळेच मिटले.

अनिसा पुढं आली. शहरात शिकलेली, सभेत शुद्ध बोलणारी पोर ती; पण त्या क्षणी तिच्या तोंडी आपल्या बोळातलीच बोली आली.

"म्या."

खिडक्यांतून टाळ्यांचा असा काही कडकडाट उठला, की महामार्गावरचा एक ट्रकवाला गाडी हळू करून, मान बाहेर काढून बघू लागला. परीक्षक बाईंनी पेन उघडलं, अर्जावरचं पहिलं नाव खोडलं आणि विचारलं, "अनिसा शेख. वडिलांचं नाव की आईचं लिहू?"

"आईचं," अनिसा म्हणाली. "रजियाबी."